बाबांचा पाला

डिलाईल रोड, मुंबई
२६ जानेवारी १९५६

ती. दादास,

शेवंतीचा नमस्कार. अक्षर ओळखलं असशीलच. नऊ वर्षांत बिघडलं असेल तर इथल्या नळाच्या पाण्याचा दोष समज. पत्र फाडायचं असेल तर फाड, पण आधी वाच आणि मग फाड.

इथलं वर्तमान तुला पेपरातून कळलंच असेल. मुंबई महाराष्ट्राला द्यायची नाही म्हणून दिल्लीहून सांगितलं आणि इथं नुसता आगडोंब. आठवडाभर गोळीबार, संचारबंदी, गिरण्या बंद, टपाल बंद. चाळीच्या जिन्यात उभं राहायची चोरी. आम्ही सगळे ठीक आहोत. पत्र त्यासाठी नाही.

आता जे लिहिते ते वाचून तू चिडशील. चीड. इथं चाळीत मी बाबांचा पाला देते. हो, तोच. ज्याचं नाव घ्यायचं नाही, आदल्या संध्याकाळी अक्षता टाकून ज्याला ‘उद्या ये’ म्हणून सांगायचं, सकाळी कुणाशी न बोलता खुडायचा आणि ज्याचा पैसा घ्यायचा नाही, तो. बाबा गेल्यावर मी तुझ्याकडे मागायला आले तेव्हा तू म्हणालास, ‘पोरीच्या जातीला औषध देत नाहीत, ते दुसऱ्या घरी जातं.’ मी जेवणाच्या पानावरून उठून गेले. पण दादा, तू द्यायच्या आधीच मी घेतलेलं होतं. लहानपणी पडवीच्या कुडाला भोक होतं, त्यातून मी बाबांना रोज बघायचे. माणूस पायरीवर बसायचा. बाबा जखमेपाशी तोंड नेऊन काहीतरी पुटपुटायचे, मग पाला चुरगळून रस पिळायचे, चोथा वर आणि फडका घट्ट. पाला कुठला ते मी गुरं राखताना हुडकून काढलं होतं.

इथं तो गिरणीच्या कुंपणाशी हवा तेवढा उगवतो. कुणाचं बोट मागाच्या धोट्यात सापडतं, कुणी विळीवर कापतं, कुणाचा गुडघा फुटतो, सगळी माझ्या दाराशी येतात. चौथ्या दिवशी कातडी मिळून येते. ‘शेवंतीबायच्या हाताला गुण आहे’ म्हणतात. मला ते ऐकायला आवडतं, खोटं कशाला बोलू?

पण आता एक अडलंय. शेजारचा एक माणूस आहे. अठरा तारखेला गोळीबारात पळापळ झाली, तेव्हा तो एका फाटकावरून उडी मारायला गेला आणि वरचा टोकदार गज त्याच्या पोटरीत शिरला. करंगळीएवढा आत. मी पाला बांधला. चौथ्या दिवशी जखम अशी मिटली की चाळीतली माणसं बघायला आली. आणि आता पोटरी भोपळ्यासारखी सुजलीय, तापलीय, माणूस तापानं फणफणलाय. असं माझ्या हातून कधीच झालं नव्हतं.

संचारबंदीमुळे मला आदल्या संध्याकाळी कुंपणापर्यंत जाता आलं नाही. आमंत्रण न देताच चाळीमागच्या गटाराकडेचा पाला खुडला होता. त्याचा तर हा कोप नाही ना? आणि बाबा काय पुटपुटायचे? ते मला कुडातून कधी ऐकू आलं नाही. तेवढं एक लिहून कळव. तार करणार होते, पण तारेत हे कसं लिहू? पोस्टातला बाबू गावभर करेल.

उत्तर लवकर दे. माणूस चांगला आहे.

शेवंती

२९ जानेवारी, रविवार

दादा,

हे पत्र गंगाधर गोवेकरांच्या हाती देतेय. ते आमच्याच मजल्यावरचे, आईची तब्येत बिघडली म्हणून उद्याच्या बोटीनं गावी निघालेत. पहिलं पत्र टपालात कुठं रखडलं असेल तर हे तरी पोचेल. वाचून त्यांच्यासमोर काही बोलू नकोस, त्यांच्या पोटात काही राहत नाही.

गेल्या पत्रात मी शेजारचा माणूस लिहिलं. शेजारचा नाही, आमचे हे आहेत.

तुझ्यासमोर मान खाली जाऊ नये म्हणून लिहिलं नाही. चोरून घेतलेलं औषध आणि तेच नवऱ्याच्या मुळावर आलं, असं कोण आपल्या हातानं लिहील? गावात म्हटलं असतं, बरी खोड मोडली. तूही मनात म्हणाला असतास. म्हण आता.

यांना तू लग्नात पाहिलंस तेवढंच. मागावर बारा तास उभा राहणारा माणूस, कधी डोकं दुखलं म्हणून खाडा नाही. मोर्चात जाऊ नका म्हटलं तर म्हणाले, ‘दूध आणूक जातंय.’ हातात दुधाचं भांडं होतं खरं. दूध आणायला माणूस फाटकावर कशाला चढेल, सांग. भांडं तिथंच राहिलं. आता तापात पडून म्हणतात, ‘पाय गेलो तरी चलात, मुंबय जावक देव नये.’ मी म्हटलं, मुंबई कुठं जात नाही, पण तिसऱ्या मजल्यावर पाणी कोण भरणार? तर हसले. हसताना पाय हलला आणि मग कण्हले. हे कण्हणं मला ऐकवत नाही रे.

चाळीतली सगळी म्हणतात इस्पितळात न्या. मी नेत नाही. एक म्हणजे तिथल्या दारात पोलीस बसलेत आणि ज्याला जखम दिसते त्याला धरून नेतात, असं बोलतात. आणि दुसरं तुलाच सांगते. नऊ वर्षं मी सगळ्यांच्या जखमा मिटवल्या. आता माझ्याच घरातली मला मिटवता आली नाही असं झालं, तर उद्या कोण येणार? हे मी यांच्याही जवळ बोलले नाही.

रोज संध्याकाळी अक्षता टाकून येते. रोज सकाळी गप्प राहून पाला खुडते आणि नवा बांधते. माझ्या चोरीचं प्रायश्चित्त असेल तर तेही सांग, मी करीन. उपास सांग, नारळ सांग. पण बाबा काय म्हणायचे ते लिही. या एका गोष्टीसाठी आपलं भांडण जरा बाजूला ठेव. मग परत धर हवं तर.

शेवंती

१ फेब्रुवारी

दादा,

तुझं काही उत्तर नाही. आज यांना इस्पितळात नेलं.

पलीकडच्या चाळीत आनंदा कांबळे म्हणून राहतो, तो एका मोठ्या इस्पितळात ड्रेसर आहे. जखमा धुणं, पट्ट्या बांधणं हेच त्याचं काम. त्याचं आणि माझं कधी जमलं नाही, कारण तो माझ्या पाल्याला ‘चारा’ म्हणतो. चंपानं, आमच्या भिंतीपलीकडच्या शेजारणीनं, मला न विचारता त्याला सकाळी बोलावून आणलं. त्यानं फडका सोडला, सुजेवर दोन बोटं टेकली आणि मला म्हणाला, “वहिनी, तुम्ही पोतं वरून छान शिवलंय. आत बटाटा कुजलाय.”

मी म्हटलं, “गावाहून पत्र यायचंय. दोन दिवस थांबू.”

तो म्हणाला, “थांबा की. मग पत्र वाचून दाखवायला याच, मी पाय कापायच्या वॉर्डातच असतो.”

मला असा राग आला की मी त्याच्या हातातला फडका हिसकावून घेतला. मग यांच्याकडे बघितलं. हे भिंतीकडे तोंड करून पडले होते आणि ओठ चावत होते, मला कळू नये म्हणून. तेव्हा माझं सगळं अवसान गेलं. मीच आनंदाला म्हटलं, गाडी बघ.

हातगाडीवर गादी घालून नेलं. दारात खरंच पोलीस होता. आपल्याच बाजूचा, बोलण्यावरून कळलं. त्यानं विचारलं, “काय झालं?” हे म्हणाले, “नळावर पडलंय.” त्यानं ते लिहून घेतलं आणि म्हणाला, आत जा, उजवीकडे वळा. एवढंच, दादा. ज्याला भिऊन मी इतके दिवस यांना घरात कुजत ठेवलं, तो एवढाच होता.

डॉक्टरांनी चिरा दिला. मला बाहेर थांबवलं होतं. आनंदानं येऊन सांगितलं की वाडगाभर पू निघाला आणि आतून गंजाचा कपचा आणि लेंग्याचं चिंधुक निघालं. चिंधुक! मी त्या चिंधीवर पाला बांधून, रस पिळून, वरून दार लावून घेतलं होतं. मी जितकी चांगली मिटवली तितकं आत सडलं.

पाय राहील की नाही ते डॉक्टर सांगत नाहीत. सुया चालू आहेत. विष गुडघ्याच्या वर चढलं तर कापावा लागेल म्हणाले. मी बाकावर बसून हे लिहितेय. पत्र टाकीन की नाही तेही ठाऊक नाही. तुझ्याकडून आता मला काही नको.

शेवंती

१४ फेब्रुवारी

दादा,

पाय राहिला. हे आधी लिहिते, कारण तू पुढचं वाचशील की नाही कोण जाणे. विष खाली उतरलं, ताप उतरला. घोटा नीट वळत नाही आणि मागावर उभं राहणं यापुढं कठीण आहे असं डॉक्टर म्हणतात. पण पाय अंगाला आहे. काल त्यांनी इस्पितळातल्या पेजेला नावं ठेवली, तेव्हा माझ्या जिवात जीव आला.

तुझं पत्र परवा पोचलं. तू मला कधी चार ओळींच्या वर लिहिलं नाहीस आणि आता दोन्ही बाजूंनी भरून दोन कागद. मी ते इस्पितळाच्या जिन्यात बसून वाचलं. तू लिहिलंस ते मी इथं परत लिहिते, कारण मला अजून खरं वाटत नाही.

तू लिहिलंस, ‘बाबा काही पुटपुटत नसत. ते वास घेत. आणि विचारत, आत काय गेलं, किती गेलं. खिळा, खुंट, गज, काच, असलं काही आत गेलेलं असेल तर बाबा पाला लावतच नसत. त्या माणसाला पायरीपर्यंत येऊच देत नसत. अंगणाच्या फाटकाशी, बेड्यापाशीच थांबवत आणि गाडी जोडून कुडाळच्या दवाखान्यात पाठवत.’

बेडं माझ्या भोकातून दिसत नव्हतं, दादा. मला नुसती पायरी दिसायची. ज्यांना बाबांनी लावला तेवढेच मी बघितले आणि ते सगळे बरे झाले. ज्यांना परत पाठवलं ते मला दिसलेच नाहीत. अर्धंच औषध चोरलं मी, आणि तेही सोपं अर्धं.

मग तू भिवाचं लिहिलंस. वरच्या वाडीतला भिवा धनुर्वातानं गेला एवढंच मला माहीत होतं. त्याच्या टाचेत बांबूचा खुंट गेला होता आणि तू पाला लावलास, हे मला कुणी सांगितलं नाही. बाबांना जाऊन सहा महिने झाले होते, दवाखाना लांब, भिवा गयावया करत होता, आणि तुला वाटलं की बाबांच्या गादीवर बसलोय तर नाही कसं म्हणायचं. आठव्या दिवशी तो गेला. तेव्हापासून तू पाल्याला हात लावला नाहीस. आणि मी औषध मागायला आले ती त्यानंतर महिनाभरानं.

म्हणजे पोरीची जात वगैरे सगळं खोटं होतं. मी नऊ भाऊबिजा ओवाळणीचं ताट भरलं नाही, ते त्या खोट्यासाठी.

मी जिन्यात रडले, आणि मग मला असा संताप आला की पत्र चोळामोळा करून फेकलं आणि परत उचललं. तू मला तेव्हा एवढंच म्हणाला असतास, की शेवंते, खोल जखमेला लावू नकोस, माझ्या हातून माणूस गेलाय. एका वाक्याचं काम होतं. यांचा पाय धड राहिला असता. माझी नऊ वर्षं वाचली असती. तू त्यापेक्षा मला उपाशी जाऊ दिलंस. मी बेड्याबाहेर पडेपर्यंत तू ओटीवर उभा होतास, मी मागं वळून पाहिलं होतं. मला वाटलं, माज आहे.

हे सगळं लिहून झाल्यावर मी माझंच पहिलं पत्र आठवलं. ‘शेजारचा एक माणूस आहे.’ मग मला तुझ्यावर फार वेळ रागावता येईना. एकाच आईबापाची आपण. मान खाली जाऊ नये म्हणून तू बहीण घालवलीस आणि मी नवरा घालवत होते.

तू शेवटी लिहिलंस की तुझ्या हातालाच दोष आहे, बाबांनंतर गुण गेला. त्यावर नंतर लिहीन.

शेवंती

११ मार्च, रविवार

दादा,

यांना घरी आणून आठ दिवस झाले. काठी घेऊन गॅलरीच्या टोकापर्यंत जातात आणि येतात. गिरणीत बसून करायचं काम मिळतंय का ते बघायला युनियनवाले खटपट करतायत. तोवर चंपाच्या ओळखीनं मी एका खाणावळीत पोळ्या लाटायला जाते. चाललंय.

आता एक केलंय ते सांगते. तुला धक्का बसेल म्हणून आधी बसून घे.

आमच्या चाळीच्या तोंडाशी एक फळा आहे. त्याच्यावर समितीच्या सभांची वेळ, कोण सुटलं, कोण धरलं ते रोज लिहितात. गेल्या रविवारी मी खडू घेतला आणि फळ्याच्या खालच्या अर्ध्या भागात लिहिलं:

‘वरवर कापलं, खरचटलं तर: दगडी पाला. गिरणीच्या कुंपणाशी उगवतो, एका लांब दांडीवर एकच लहान फूल, मध्ये पिवळं, पानं खरखरीत. जखम उकळून निवलेल्या पाण्यानं धुवावी. पाला धुऊन, ठेचून बांधावा. खिळा, गज, काच आत गेली असेल तर पाला लावू नये. जखम मिटू देऊ नये. इस्पितळात जावे. पोलीस काही करत नाही. शेवंती परब, खोली ४१.’

नाव लिहिलं, दादा. उघड्यावर, खडूनं, तीन मजल्यांच्या चाळीला वाचता येईल असं. दगडी पाल्याचं नाव मी या तोंडानं कधी उच्चारलं नव्हतं, यांच्यापाशीसुद्धा. ‘दगडी’ लिहिलं आणि मागं वळून बघितलं, बाबा येतायत की काय म्हणून.

जमलेले पुरुष ओरडले. एक म्हणाला, सभेची जागा अडवली. दुसरा म्हणाला, बाय, आता गुण गेला, तुम्हीच घालवलात. मी म्हटलं, जाऊ दे गेला तर. आनंदा कांबळे तिथंच उभा होता. त्यानं सगळं वाचलं आणि ‘उकळून’ या शब्दाखाली खडूनं जाड रेघ मारली. पहिल्यांदाच त्यानं माझ्याकडे बघून ‘चारा’ म्हटलं नाही.

खरं सांगायचं तर पुढचे दोन दिवस मला अन्न गेलं नाही. माझ्या दाराशी कुणी येईना. वाटलं, उगाच केलं. नऊ वर्षं दार वाजायची सवय झाली होती.

मग बुधवारी चंपाचं बोट विळीवर कापलं. चांगलं लांब कापलं, पण वरवरचं. ती माझ्याकडे आलीच नाही. फळ्यावर वाचून थेट कुंपणाशी गेली. दुपारी बारा वाजता, पायात चपला, वाटेत तिघींशी बोलत. अक्षता नाही, आमंत्रण नाही, मौन तर तिच्या बापजन्मात नाही. पाणी उकळलं, निववलं, बोट धुतलं, पाला ठेचून लावला आणि संध्याकाळी मला दाखवायला आली. मी बोट उलटसुलट करून बघितलं. मनात म्हटलं, हे चिघळणार.

आज चौथा दिवस. तिनं आत्ताच माझ्यासमोर चिंधी सोडली. जखम मिळून आलीय. माझ्या हातून यायची तशीच.

मला आधी वाईट वाटलं, हेही लिहिते. मग एकदम तुझी आठवण झाली आणि हातातलं पोळपाट ठेवून मी लिहायला बसले. दादा, गुण आपल्या हाताला कधी नव्हताच. बाबांच्याही नव्हता. गुण त्या पाल्यात आहे, चंपाच्या चपलांनीसुद्धा तो जात नाही. म्हणजे तुझ्या हाताला दोषही नव्हता. भिवाला खुंट लागला, आत घाण गेली आणि वर पाला बांधला गेला. मीही तेच केलं. माझ्या माणसाजवळ आनंदा होता, भिवाजवळ कुणी नव्हतं. तुझ्या-माझ्यात फरक एवढाच. तू नऊ वर्षं आपला हात पापाचा म्हणून बाजूला ठेवलास. पुरे आता.

तर मी काय म्हणते, तू ये. शिमगा झाला की बोटीनं ये, धक्क्यावर मी घ्यायला येते. यांच्या पोटरीची जखम डॉक्टरांनी मुद्दाम उघडी ठेवलीय, आतून भरत वर येतेय. रोज सकाळी धुऊन नवी पट्टी बांधावी लागते. चंपाला बघवत नाही, माझे हात कणकेनं भरलेले असतात.

यांना विचारलं, दादा आला आणि त्यानं पट्टी बांधली तर चालेल का? म्हणाले, “चलात. पण आधी हात धुवूक सांग.”

शेवंती